शुभ आणि लाभ : मराठी उद्योजकांच्या चरित्रांविषयी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात आणि त्याच्या दोन बाजूंना दोन शब्द लिहितात. एका बाजूला ‘शुभ’, दुसऱ्या बाजूला ‘लाभ’. ज्या कोणा जुन्या व्यापाऱ्याने ही जोडी प्रथम मांडली त्याला दोन्ही शब्द एकाच पानावर लिहिताना संकोच वाटला नसावा. लाभ लिहिल्याने शुभ विटाळेल असे त्याला वाटले नाही, आणि शुभ लिहिले म्हणून लाभाचा हिशेब ठेवायचे त्याने सोडले नाही. पुढची सगळी पाने तर लाभाचीच असतात.

आमच्या मराठी चरित्रकारांना मात्र ही जोडी झेपलेली दिसत नाही. उद्योजकांची चरित्रे, आत्मचरित्रे, गौरवग्रंथ असे जे वाङ्मय गेल्या साठ-सत्तर वर्षांत मराठीत जमा झाले आहे त्यातले बरेचसे मी वाचले आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. या दोन जुन्या संस्थांच्या मधोमध डोंबिवलीस राहणाऱ्या माणसाला पुस्तकांची वाण पडत नाही, पडलीच तर ती वेळेची. हे वाङ्मय वाचताना पुन्हा पुन्हा असे वाटत आले की, येथे शुभाला तीनशे पाने मिळतात आणि लाभाला एक वाक्य. नायक सचोटीचा आहे, मातृभक्त आहे, कामगारांना घरच्यासारखे वागवतो, मालात भेसळ करीत नाही. हे सारे आपण वाचतो. आणि मग एका परिच्छेदाच्या शेवटी कळते की, ‘पाहता पाहता कारखान्याची उलाढाल कोटींच्या घरात गेली.’ पाहता पाहता! वाचक पाहतच राहतो. ती उलाढाल कशी गेली, कोणता माल किती भावाने विकला, उधारी किती थकली, आणि सचोटीपायी एखादे वर्ष तोट्यात गेले की नाही, हे त्या ‘पाहता पाहता’च्या पोटात गडप होते.

कोणी म्हणेल, हा हिशेबनिसाचा आक्षेप झाला, यात वाङ्मयाचा काय संबंध? मला वाटते, हा आक्षेप निखळ वाङ्मयीन आहे. चरित्रातला माणूस उभा राहतो तो त्याने केलेल्या निवडींतून. हाती दोन गोष्टी आल्या, दोन्ही हव्याशा होत्या आणि त्याने एक सोडली, असे दिसले की माणूस दिसतो. कारखानदाराच्या आयुष्यात सोडलेल्या गोष्टीची किंमत रुपयांत असते. ती किंमत चरित्रकाराने झाकली की निवडच झाकली जाते, आणि मागे उरतो तो केवळ सद्गुणांचा पुतळा. राजा हरिश्चंद्राच्या कथेतून राज्य गेल्याचे प्रकरण काढून टाकले तर कथेत काय उरेल? एक खरे बोलणारा राजा. असे राजे पुष्कळ असतील.

हा संकोच आला कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. आमचा वाचकवर्ग प्रामुख्याने नोकरदार. सकाळची गाडी पकडून मुंबईला जाणारा आणि महिन्याच्या ठराविक तारखेला पगार घरी आणणारा डोंबिवलीकर हा या वर्गाचा अर्कच म्हणायचा. पगार हा कष्टाचा आणि नफा हा चलाखीचा, ही समजूत आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर मिळते. वाङ्मयानेही ती जोपासली. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून गिरणी आणि गिरणीमालक आमच्या कादंबरीत आले ते कामगाराच्या बाजूने पाहिलेले, ते न्याय्यही होते, कारण ती बाजू तोवर कोणी पाहिलीच नव्हती. विनोदात पु. ल. देशपांड्यांनी पुण्याचा दुकानदार असा काही अमर करून ठेवला की, गिऱ्हाईक हाच ज्याच्या दुकानातला सर्वांत नकोसा माल, तो मराठी व्यापारी, हे समीकरण घरोघरी पाठ झाले. हसता हसता आम्ही हेही मान्य करून टाकले की, नफा मिळवणे आपल्या रक्तातच नाही. आणि जे रक्तात नाही ते ज्याने करून दाखवले त्याला एकतर लबाड म्हणायचे किंवा संत. लबाडाचे चरित्र कोण लिहिणार? म्हणून संतांची लिहिली गेली.

१९९१ नंतर वारे फिरले. आता पुस्तकांच्या दुकानात दर्शनी फळीवर ‘तुम्हीही उद्योजक होऊ शकता’ या सुराची पुस्तके असतात. त्यांत लाभ भरपूर आहे, पण ते लाभाचे आख्यान असते, हिशेब नव्हे. संतचरित्राची जागा चमत्काराने घेतली, एवढाच फरक. त्या पुस्तकांविषयी मी येथे लिहीत नाही. दिवाळीच्या दिवसांत पित्त वाढवून घेणे बरे नव्हे.

या सगळ्यात एक पुस्तक मला नेहमी वेगळे वाटत आले आहे. ते म्हणजे शं. वा. किर्लोस्करांनी लिहिलेले लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र, ‘यांत्रिकाची यात्रा’. लेखक नायकाचा पुतण्या. तेव्हा भक्तिभाव आहे, आणि काही ठिकाणी तो नको तितका आहे. परंतु हा पुतण्या कारखान्याच्या आवारात वाढलेला आहे. यंत्र, माल, गिऱ्हाईक आणि पैसा या चार गोष्टी त्याला परक्या नाहीत.

लक्ष्मणरावांची हकीगत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १८६९ साली जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले आणि तेथे कळले की आपल्याला रंगांतला भेद नीट दिसत नाही. तेव्हा यांत्रिक रेखांकनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर नोकरीवर पाणी सोडून बेळगावला आले. तेथे भावाबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. या नांगरापाशी आपण थोडे थांबू, कारण चरित्रवाङ्मयाच्या दृष्टीने खरा ऐवज येथे आहे.

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी त्या काळच्या शेतकऱ्याची समजूत होती. नांगर तयार झाले आणि पडून राहिले. पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. आता या दोन वर्षांचा विचार करा. हाती चांगला माल आहे, तो चांगला आहे याची बनवणाऱ्याला खात्री आहे, आणि तो कोणी घेत नाही. अशा वेळी ‘मूल्यनिष्ठा’ हा शब्द फार स्वस्त असतो. प्रश्न असा पडतो की, त्या दोन वर्षांत भट्टीचा कोळसा कोठून आला, माणसांचे पगार कशातून झाले, घरात काय शिजले? ज्या चरित्रात हा प्रश्न निदान उपस्थित होतो ते चरित्र मी जवळ ठेवतो. कडबा कापण्याच्या यंत्रावर नांगराने तग धरला, हे ज्याला समजते त्याला पुढे हेही समजते की, एका मालाच्या नफ्यावर दुसऱ्या मालाचा आदर्श पोसावा लागतो. नफा आणि आदर्श यांचे हे नाते आमच्या नीतिकथांत नसते, व्यवहारात मात्र रोज असते.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ देऊ केला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तेथे काम दिले गेले. रात्रीचा पहारा अशा माणसाच्या हाती सोपवण्याचे धैर्य लक्ष्मणरावांनी दाखवले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. हे सर्व शुभ खातेच. पण वाडीचे वैशिष्ट्य असे की, ही शुभ खात्यातली रक्कम कारखान्याच्या गरजेशी जोडलेली होती. ओसाड माळावर कामाला यायला माणसे मिळत नव्हती. जी येतील त्यांना घरे, पाणी, शाळा दिल्यावाचून ती टिकणार नव्हती. उदारपणा होता, आणि गरजही होती. यामुळे उदारपणा उणा ठरतो, असे मला वाटत नाही. उलट, ज्या उदारपणाला कारखान्याच्या रचनेत जागा असते तो मालकाची लहर फिरली म्हणून संपत नाही. चरित्रकाराने हे स्पष्ट म्हटले असते तर पुस्तक आणखी वरच्या पायरीवर गेले असते. तो तेथे भक्तीकडे झुकतो.

येथे एक लहानसे विषयांतर करतो, आणि ते या अंकाच्या वाचकांना रुचेल. १९२० साली याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. संपादक हेच शं. वा. किर्लोस्कर. कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती देणारे हे पत्रक, त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ त्याला येऊन मिळाले. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने नवे विचार वाचले ते पुष्कळसे या तीन मासिकांतून. म्हणजे ज्या नांगरात विष आहे असे शेतकरी म्हणत होता त्या नांगराच्या जाहिरातीच्या सावलीत आमचे मासिक-वाङ्मय वाढले! धंद्याच्या नावाने नाक मुरडणाऱ्या साहित्यिकांनी निदान ही उधारी विसरू नये.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचे आत्मचरित्र १९८२ साली आले. नाव ‘कॅक्टस अँड रोझेस’. या गृहस्थांना नफा या शब्दाची लाज नव्हती. परवाने, कोटे आणि नियंत्रणे यांच्या काळात, नफा हा कारखानदाराचा गुन्हा नसून त्याचे काम आहे, असे ते भर सभेत सांगत. मनात येते ते एवढेच की, लाभाविषयी इतके मोकळेपणी लिहिणाऱ्या मराठी माणसाने पुस्तक लिहिले ते इंग्रजीत. पित्याचे शुभ मराठीत आणि पुत्राचा लाभ इंग्रजीत! हा योगायोग असेल. परंतु मराठीत नफ्याविषयी न अडखळता बोलायची भाषाच अजून पुरती घडलेली नाही, असा माझा संशय आहे, आणि या योगायोगाने तो बळावतो.

आता घराजवळ येऊ. डोंबिवलीचा आणि उद्योगाचा संबंध जोडायचा म्हटले की जुन्या डोंबिवलीकराच्या तोंडी पहिले नाव येते ते विको. १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी परळला घरातच दंतमंजन तयार करून दारोदार विकायला सुरुवात केली. पुढे डोंबिवलीला कारखाना उभा राहिला. गजानन पेंढरकरांच्या काळात हळदीचे मलम आले आणि देशभर गेले. पिवळे मलम तोंडाला कोण लावील, ही शंका नांगरातल्या विषाच्याच जातीची. त्या काळी शहरी माणसाचा ओढा पांढऱ्या, गुळगुळीत, परदेशी वाटणाऱ्या मालाकडे होता. आणि येथे एक मराठी कुटुंब सांगत होते की, आमचा माल आजीच्या वाटीतला आहे.

या कुटुंबाची कथा आम्हा सामान्यांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः जाहिरातींतून आणि मुलाखतींतून. चित्रपटगृहात दिवे मालवल्यावर, आणि १९८४ पासून ‘ये जो है जिंदगी’ या दूरदर्शनच्या मालिकेबरोबर, ती गाणी एका पिढीच्या कानांत बसली. पण मला विचाराल तर या घराण्याचे सर्वांत वाचनीय वाङ्मय न्यायालयांच्या दप्तरात आहे. प्रश्न साधा होता. हे मंजन आणि हे मलम म्हणजे आयुर्वेदिक औषध, की सौंदर्यप्रसाधन? अबकारी खाते म्हणे प्रसाधन; कंपनी म्हणे औषध. सत्तरच्या दशकात सुरू झालेला हा वाद ठाण्याच्या दिवाणी न्यायालयापासून मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला, कायदा बदलल्यावर पुन्हा उभा राहिला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. वैद्याची चिठ्ठी लागत नाही म्हणून वस्तू औषध नव्हे, हा युक्तिवाद टिकला नाही. घटकद्रव्ये आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत काय आणि वापरणारा सामान्य माणूस वस्तूला काय समजतो, या कसोट्या टिकल्या.

हा प्रसंग एखाद्या कसलेल्या चरित्रकाराच्या हाती यावा, असे मला फार वाटते. कारण येथे शुभ आणि लाभ एकमेकांत असे गुंतले आहेत की, सोडवू म्हणता सुटत नाहीत. प्रसाधनांवरचा कर जबर, आयुर्वेदिक औषधांवरचा कमी. तेव्हा ‘आमचे औषध आहे’ हा आग्रह श्रद्धेचा होता की कराचा? गौरवग्रंथाचा लेखक म्हणेल, श्रद्धेचा. चहाच्या टपरीवरचा तज्ज्ञ म्हणेल, कराचा. दोघेही चूक. केवळ कराचा प्रश्न असता तर मधल्या वर्षांत कधीतरी तडजोड करून, भाव वाढवून, गिऱ्हाइकाच्या माथी कर मारून मोकळे होता आले असते. पुष्कळ जण तसे करतात. आणि केवळ श्रद्धेचा असता तर वकिलांची फी भरण्यासाठी मंजन विकावे लागले नसते. ज्या माणसाने आपल्या मालाचे नाव काय असावे यासाठी पिढीभर भांडण केले त्याच्या मनात दोन्ही हिशेब एकाच वेळी चालू असणार, आणि ते दोन्ही एकाच वेळी कागदावर आणणे हीच चरित्रकाराची परीक्षा.

त्यात एक गंमतही आहे, आणि ती चरित्रकाराने सोडू नये. न्यायालयात जे औषध, तेच जाहिरातीत नवरीच्या अंगाला लागणारी हळद होते. एकीकडे ग्रंथ, दुसरीकडे मुंडावळ्या. यात विसंगती आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या घरांत हळद ही फोडणीत, जखमेवर आणि लग्नात अशी तिन्ही ठिकाणी असतेच. पण धंद्याने या तिन्ही हळदींचा लाभ कसा घेतला, हे सांगणारे पान लिहिले गेले तर ते मजेचे होईल.

डोंबिवलीहून एक स्टेशन वर... नव्हे, मधे ठाकुर्ली आहे, ते लोक रागावतील. दोन स्टेशने वर कल्याण. तेथील कल्पना सरोज यांची कथा गेली पंधरा-वीस वर्षे व्यासपीठांवरून सांगितली जाते. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यात दलित कुटुंबात जन्म, बारा वर्षांच्या वयात लग्न, सासरचा छळ, परत येणे, मुंबईत शिवणकाम, मग कल्याणला फर्निचरचे दुकान आणि जमीन-बांधकामाचा व्यवसाय; पुढे बुडालेल्या कमानी ट्यूब्ज या कंपनीची सूत्रे आणि २०१३ साली पद्मश्री. ही कथा खरीच अशी आहे की, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. माझी तक्रार कथेविषयी नाही; ती ज्या पद्धतीने सांगितली जाते त्या पद्धतीविषयी आहे.

सांगणारे कथेचा पूर्वार्ध रंगवतात, कारण दुःख रंगवायला आम्हाला आवडते. उत्तरार्धात एक असहाय कामगारवर्ग येतो, तो या बाईंकडे धाव घेतो, आणि त्या कंपनी वाचवतात. आता या कामगारांची खरी हकीगत पाहा. कमानी घराण्यातल्या भांडणांत कंपनी बंद पडल्यावर याच कामगारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडक मारली, आणि १९८८ साली कारखाना स्वतःच्या मालकीत आणला. कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हाती कारखाना देण्याचा हा प्रयोग त्या वेळी देशभर गाजला होता. काही वर्षे तो चाललाही. मग खेळत्या भांडवलाची चणचण, अंतर्गत ओढाताण, थकत गेलेली कर्जे, आणि पुन्हा टाळे. म्हणजे हे लोक हातावर हात ठेवून तारणहाराची वाट पाहत बसलेले नव्हते. त्यांनी एका मूल्याची, आणि तेही लहानसहान नव्हे, परीक्षा स्वतःच्या पोटावर घेतली होती. ती परीक्षा ते नापास झाले ते मूल्य खोटे होते म्हणून, की लाभाचे खाते सांभाळता आले नाही म्हणून? या प्रश्नावाचून कल्पनाबाईंचे कर्तृत्वही नीट मोजता येत नाही. कारण त्यांनी जे केले ते मुख्यतः लाभाच्या खात्यातले काम होते: बँकांशी बोलून दंडाचे व्याज आणि देण्याचा काही भाग कमी करून घेणे, बाकीच्या देण्याची घडी बसवणे, जागा बदलणे, कामगारांची थकलेली देणी भागवणे. हे काम कंटाळवाणे, कागदी आणि अत्यंत कठीण. सभेत टाळ्या मिळतात त्या मात्र फक्त धैर्याला. त्यांच्या हिशेबी बुद्धीला कोणी टाळी देत नाही, आणि मला तो त्यांच्यावरचा अन्याय वाटतो. पुरुष कारखानदार असता तर त्याच्या मुत्सद्देगिरीचे एक तरी प्रकरण झाले असते.

विठ्ठल कामतांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे पुस्तक घराघरांत वाचले गेले, आणि त्याचे कारण मला उघड दिसते. या लेखकाला आपण धंदा करतो याचा आनंद होतो आणि तो आनंद तो लपवत नाही. पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या हॉटेलाविषयी तो लिहितो तेव्हा पाण्याची आणि विजेची बचत हे पुण्य आहेच, पण ती बिलातही दिसते. वाचकाला हे पटते, कारण घरचा विजेचा दिवा बंद करताना त्याच्याही मनात हीच दोन पुण्ये असतात. माझा आक्षेप असला तर इतकाच की, शुभ आणि लाभ एकाच दिशेला धावतात तेथे निवडीचा प्रश्न येत नाही. ते फुटून दोन वाटांना जातात त्या दिवसाची पाने मला अधिक हवी होती.

तशी पाने आमच्या भागात लिहिली जायला हवीत, याला केवळ वाङ्मयीन कारणे नाहीत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत ठाण्याला वागळे इस्टेट या नावाने उभी राहिली. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आणि तिच्या अंगाला चिकटलेली राहती घरे ही पुढची गोष्ट. २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात तेथे जे स्फोट झाले त्यांत माणसे मेली, आणि कित्येक इमारतींच्या काचा फुटल्या. २०२० साली एक रस्ता गुलाबी झालेला पाहायला मंत्रिमंडळी आली होती. कारखानदाराचे मूल्य त्याच्या कामगाराशी किंवा देवघराशी संपत नाही. ते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत जाते, आणि त्या खिडकीचा खर्च ताळेबंदात कोठे लिहायचा हे ठरलेले नसते. सांडपाणी शुद्ध करून सोडणाऱ्याला खर्च येतो, न करणाऱ्याला येत नाही, आणि बाजारात दोघांच्या मालाला भाव एकच. अशा वसाहतीत तीस-चाळीस वर्षे नेमाने खर्च करून, धंदा बुडू न देता टिकलेला एखादा कारखानदार कसा टिकला? मालाची जात बदलली, गिऱ्हाईक बदलले, की नफा थोडा कमी घेतला? याचे उत्तर मला कोणत्याही चरित्रात मिळालेले नाही.

उलट बाजूही आहे. कल्याणजवळ मोहने येथे रेयॉनचा मोठा कारखाना २००९ साली बंद पडला. त्यानंतर कामगार आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. वसाहतीतली घरे पडायला आली. लाभ आटला की शुभाचे काय होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तेथे एक फेरी मारावी. ज्यांना नफा हा शब्द ओंगळ वाटतो त्यांना मी तेथे न्यायला तयार आहे.

एक विचित्र आवड सांगतो. आमच्या भागात सहकारी बँका पुष्कळ. डोंबिवली नागरी १९७० च्या सुमारची, ठाणे जनता आणि कल्याण जनता तिच्या पाठोपाठच्या. सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल हाती पडले की मी ते कादंबरीसारखे वाचतो. सुरुवातीला अध्यक्षांचे मनोगत असते. त्यात सुभाषित असते, सभासदांचे आभार असतात, सामाजिक बांधिलकी असते. मागे ताळेबंद असतो. आणि या दोहोंच्या मधे, बारीक टाइपात, थकीत कर्जांचा तक्ता असतो. ओळखीच्या माणसाला कर्ज नाकारण्याचे धैर्य संचालकांना किती वेळा झाले, ते त्या तक्त्यात असते. मनोगतात ते सापडत नाही. २०१९ साली एका मोठ्या सहकारी बँकेच्या दारापुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या तेव्हा सगळ्यांना हा तक्ता आठवला. चरित्रकारांनी अहवालांपासून एवढे तरी शिकावे: मनोगत हवे तितके लिहावे, पण तक्ता वगळू नये.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती प्रकाशकांपेक्षा घरोघरच्या वाचकांकडे आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत आजोबांनी किंवा काकांनी चालवलेला छापखाना, पिठाची गिरणी, लेथचे वर्कशॉप, मसाल्याचा धंदा होऊन गेला आहे किंवा चालू आहे. माळ्यावर त्यांच्या वह्या असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. कोणत्या वर्षी कोणाची उधारी सोडून दिली, कोणत्या वर्षी स्वस्त माल मिळत असून घेतला नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शिल्लक किती होती, हे तेथे असेल. एखाद्या नातवाने किंवा नातीने त्यावरून शंभर पानांचे पुस्तक लिहिले, सद्गुणांची विशेषणे गाळून, आकडे ठेवून, तर पहिली प्रत मी घेईन. डोंबिवलीच्या ग्रंथप्रदर्शनात ते वीस टक्के सवलतीत मिळेल हे मला ठाऊक आहे. तरी छापील किमतीला घेईन, आणि विक्रेत्याला त्यात किती सुटले हेही विचारीन.